भागीरथाबाईचं सगळ्यांचं जेवण

एटापल्लीला बदली झाली की घाटावरचे नोकरदार घरी असा फोन करतात, जणू काळ्या पाण्यावर निघालेत. एसटीतून उतरतात तेव्हा तोंड पडलेलं आणि बॅग छातीशी धरलेली. मग पहिली चौकशी जेवणाची. स्टँडवरचा कुणीही भागीरथाबाईच्या खानावळीकडे बोट दाखवतो. तिथे बसल्यावर पहिल्याच घासाला पाहुणा म्हणतो, "शिक्षा म्हणून पाठवलंय हो आम्हाला इकडं."

त्यावर भागीरथाबाई त्याच्या ताटात भाताचा डाव आपटते. "तुमी शिक्षा भोगाले आले, मंग आमी काय चोरी करून इथी राह्यलो का?"

तशी ती मूळची इथली नाहीच. माहेर ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेकाठचं धानाचं गाव. नवरा देवाजी रस्त्याच्या कामावर मुकादम होऊन इकडे आला. काम संपलं, त्याबरोबर मुकादमी संपली, आणि देवाजीचा उत्साह तर त्या दोन्हींच्या आधीच संपला होता. तो बाजेवर आडवा झाला आणि आपण विचार करतोय असं सांगू लागला. त्याचा विचार पुरा होईपर्यंत पोरं उपाशी मरतील हे ओळखून बाईने स्टँडमागे चूल मांडली, दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, आणली आणि भात रांधायला घेतला. त्याला आता वीसेक वर्षं झाली. पोरं शिकून नागपूरला गेली. देवाजीचा विचार अजून चालूच आहे.

खानावळीत टेबल नाही, खुर्च्या नाहीत. सागाची एकच लांबच लांब फळी, तिच्यासमोर तितकाच लांब बाक. हा साग आला कुठून, असं जंगल खात्यातल्या एखाद्या नव्या माणसाने विचारलंच, तर बाई त्याला जास्तीचं वरण वाढते. बाकाचा कायदा एकच: जो येईल त्याने रिकामी जागा दिसेल तिथे टेकायचं. शेजारी कोण आहे, हे बघायचं नाही.

या कायद्यामागे एक बुंदी आहे. भागीरथा लहान असताना गावातल्या बड्या घरी लग्न होतं. मैत्रिणीचा हात धरून ती पुढच्या पंगतीत जाऊन बसली. पानात बुंदी पडली, तिने चिमूटभर उचलली, तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरून तिला उभं केलं. "तुमची पंगत तिकडं गोठ्यापाशी हाय." गोठ्यापाशीही तीच बुंदी होती, त्याच कढईतली. पण तिला ती गिळेना. घरी येऊन तिने आईला विचारलं, "माय, माया बुडाले काय लागलं होतं?" आईने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

म्हणून तिच्या खानावळीत जिल्हा परिषदेचा अभियंता आणि त्याच अभियंत्याची गाडी धुणारा, दोघं मांडीला मांडी लावून जेवतात. जवान, कंडक्टर, तेंदूपानाचे मजूर, बिहारहून आलेले ट्रकवाले, सगळ्यांना तोच बाक.

एकदा खाणीच्या ट्रकांवर देखरेख करणारे गुणवंतराव आले. पांढराशुभ्र शर्ट, पिशवीत स्वतःचं स्टीलचं ताट. रिकामी जागा लच्छूच्या शेजारी होती. लच्छू हा जवळच्या एका जंगलातल्या गावचा माडिया आदिवासी. बाईला सरपण आणि पळसाच्या पत्रावळी आणून द्यायचा, दुपारी जेवून परत जायचा. त्याने सरकून जागा केली. गुणवंतराव मात्र उभेच राहिले.

"बाई, आपल्याला जरा वेगळं बसायला मिळंल का? आम्ही शाकाहारी आहोत."

"भेटते ना," बाई म्हणाली. "बाहेर तो मोठा मोह हाय, त्याच्या फांदीवर बसा. वर माकडं हायेत, तेबी शाकाहारीच हायेत. जमन तुमचं."

बाकावर असा हशा पिकला की एका ट्रकवाल्याला ठसका लागला. गुणवंतराव तणतणत गेले. दोन दिवस बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी आले आणि मुकाट्याने लच्छूच्या शेजारी टेकले. पोटापुढे कुणाचं काही चालत नाही. बाईला याचा फार आनंद झाला, आणि तिथेच जरा घोटाळा झाला. आपण म्हणतो ते सगळंच बरोबर, असं तिला वाटायला लागलं.

कारण तिचा दुसराही एक कायदा होता. बाक एक, तशी भाजीही एक. "भूक सगळ्यायची सारखी," ती म्हणायची, "मंग गंज दोन कायले?" भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, एक भाजी, जवसाची चटणी. रविवारी सुक्या मासोळीचा रस्सा. जे शिजलं ते खायचं. बाहेरून काही आणायचं नाही.

या कायद्याचे तीन कायमचे गुन्हेगार होते.

पहिला गोपाल हालदार. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला मासेवाला. त्याचे आजोबा फाळणीनंतर निर्वासित होऊन आले आणि सरकारने त्यांना या जंगलात आणून वसवलं. गोपाल इथलाच, मराठी शाळेत शिकलेला. तो भांडायचा मराठीत, सौदा करायचा हिंदीत, आणि मासा दिसला की एकदम बंगाली व्हायचा. तो शर्टाच्या खिशात मोहरीच्या तेलाची इवली बाटली बाळगायचा आणि बाईची पाठ वळली की भातावर चार थेंब टाकायचा. वास लपत नाही. बाई पदराने नाक धरून ओरडायची, "कोणाच्या सायकलची चेन जेवाले बसली रे?"

दुसरा मल्लय्या, सिरोंच्याकडचा तेलुगू, टायरचं पंक्चर काढणारा आणि एक जुनी जीप बाळगणारा. त्याच्याकडे गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी असायची. बाईने ती एकदा जप्त केली, बोट घालून चाटलं आणि म्हणाली, "हे तं आंबाडी हाय आमची!"

"आंबाडी नाही अक्का, गोंगुरा."

"पान तेच ना?"

"पान तेच. पण आंबाडी तुमची, गोंगुरा आमचा." मल्लय्या हे इतक्या गंभीरपणे म्हणाला, जणू सीमेचा तंटा चालला होता.

तिसरा लच्छू. तो काही बोलायचा नाही. पानाची छोटी पुडी उघडायचा आणि तांबड्या मुंग्यांची आंबट चटणी भाताच्या कडेला ठेवायचा. त्याला बाई ओरडली की तो पुडी बंद करून कमरेला खोचायचा आणि तिचं वरण शांतपणे जेवायचा. त्याचा तो शांतपणाच बाईला जास्त टोचायचा.

गोपाल मात्र वाद घालायचा. "दीदी, तुमच्या गणपतीला मोदक लागतो?"

"लागते."

"मारुतीला?"

"त्याले तेल."

"आणि मरीमायला कोंबडा. म्हणजे देव तेहतीस कोटी आणि प्रत्येकाची फर्माईश वेगळी. त्यांना कुणी म्हणत नाही की गपचूप वरण खा. मग आम्ही काय पाप केलं?"

"देवायले काम नाई धंदा नाई, त्यायचे नखरे चालतात," बाई म्हणाली. "तू खा गुमान."

एका वर्षी शहरातून काही विद्वान मंडळी जंगल बघायला आली. दुपारी बाकावर दाटीवाटीने जेवली. उजवीकडे जवान, डावीकडे लच्छू, त्याच्या पलीकडे मल्लय्या, हे पाहून एका प्राध्यापिकाबाईंचे डोळे भरून आले. "हाच खरा भारत!" त्या म्हणाल्या. गोपाल हळूच पुटपुटला, "यात मीठ कमी हाय." मंडळींनी बाईला शाल दिली, नारळ दिला, 'एकात्मतेची अन्नपूर्णा' असं म्हटलं. शाल पुढे पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून कामाला आली. नारळाची चटणी झाली आणि ती सगळ्यांना चमचा चमचा, सारखी वाढली गेली.

त्याच पावसाळ्याच्या मध्यावर बाईला थंडी वाजून ताप आला. इकडे ताप म्हणजे पाहुणाच. दरवर्षी येतो, दोन दिवस राहतो, जातो. पण हा पाहुणा मुक्कामालाच आला. बाई बरळायला लागली. तापात तिने देवाजीला उठून काम करायला सांगितलं आणि तो खरंच उठला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. मल्लय्याने जीप काढली. तिला शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं.

सुया टोचल्या, सलाईन लागलं, ताप उतरला. डॉक्टर चांगले, नर्स मायाळू, खाट स्वच्छ. पण जेवण जाईना. दवाखान्यात सगळ्यांना पातळ खिचडी यायची. वाईट नव्हती. मऊ, गरम, हळदीची. बाई घास तोंडात घ्यायची आणि तो तसाच फिरवत बसायची. जिभेवर जणू कुणी राख फासली होती.

"मावशी, दुसरं काई नाई का?" तिने वाढणाऱ्या बाईला विचारलं.

"सगळ्यायले सारखंच हाय, बाई. भूक लागन तं आपोआप जाईन."

हे वाक्य भागीरथाबाईला ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलंय, हे आठवायला तिला वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं.

बाई जेवत नाही ही बातमी एटापल्लीला पोचली. आधी गोपाल आला. डब्यात कच्च्या केळ्याचा आणि ताज्या मागूर माशाचा पातळ रस्सा. "आमच्यात आजारी माणसाला हेच देतात, दीदी. मेलेला माणूस उठून बसतो." डबा उघडताच मोहरीच्या तेलाचा वास आला. बाई खरंच उठून बसली आणि गोपालच्या लुंगीवर ओकली.

मग मल्लय्या मिऱ्यांचा चारू घेऊन आला, म्हणजे चिंचेचं आंबट-तिखट पाणी. एका घोटात बाईच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरून नर्सला हाका मारू लागली. "चांगलं हाय," बाई खोकत म्हणाली, "पण मले मारून टाकाचं असन तं सरळ जीप अंगावर घाल."

लच्छू पायी आला, दोन दिवसांनी. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात जावा होता, त्यांच्याकडची तांदळाची पातळ पेज. बाईने दोन घोट घेतले. पोटात राहिले. तिसरा घेतला आणि ती थांबली.

"काय झालं?" लच्छूने विचारलं.

"आमच्यासारखंच हाय, लच्छूभाऊ," ती म्हणाली. "पण आमचं नाई." आणि तिला रडू आलं. इतक्या बायकांसमोर आपण पेजेवरून रडतोय याचा राग आला म्हणून ती आणखी रडली.

तेव्हा कुठे तिने सांगितलं. आई तांदळाच्या कण्यांची आंबील करायची. कण्या रात्रभर भिजवून आंबवायच्या, मग शिजवायच्या, ताक घालायचं, वर कच्चा कांदा फोडून. तापातून उठलं की तीच. दुसरं काही जिभेला लागणारच नाही, हे तिला आता पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांत ती तिने स्वतः कधी केली नव्हती, कारण सगळ्यांच्या गंजात एकटीसाठी कोण करणार?

देवाजी दाराशी उभा होता. "मले येते," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. देवाजीला काही येतं, ही बातमीच होती.

"तुयी माय करे तवा मी चुलीपाशीच बसून राहो," तो म्हणाला. "तिथी गरम लागे."

दुसऱ्या दिवशी त्याने ती करून आणली, तेव्हा गोपाल, मल्लय्या, लच्छू सगळे हजर होते. कण्या जरा जास्तच आंबल्या, मीठ दोनदा पडलं. वॉर्डभर असा वास सुटला की नर्सने खिडक्या उघडल्या. बाई मात्र सगळी प्यायली आणि वाटी बोटाने पुसली. मग तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "मीठ किती टाकलं! माया मायले लाज आणली." देवाजी खूश झाला. शिव्या आल्या म्हणजे बायको बरी.

लच्छू खाटेच्या पायाशी उकिडवा बसला होता. इतक्या वर्षांत एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "बाई, ते लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, मासोळीचा रस्सा. तेबी तुया मायचंच ना?"

"होय. मंग?"

"मंग काई नाई. तू म्हणत होती सगळ्यायचं जेवण. आमी इतके वर्स तुया मायच्या घरीच जेवून राह्यलो होतो."

गोपाल आधी हसला, मग मल्लय्या. बाईने उशी उचलून लच्छूला मारली. पण नेम चुकला, आणि तो तिने मुद्दाम चुकवला असावा, असं देवाजी नंतर सगळ्यांना सांगत फिरला.

ती परत आली तेव्हा खानावळीची अवस्था बघण्यासारखी होती. तिच्यामागे गोपाल, मल्लय्या, लच्छू आळीपाळीने रांधत होते. एका गंजाचं बूड जळालेलं, चुलीजवळ माशांचे खवले, आणि बाकावर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी. बाईने सगळ्यांना हाकलून तीन दिवस गंज घासले. घासता घासता तिचा विचार चालला होता, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. देवाजीला भीती वाटली, की हा रोग आपलाच लागला की काय.

चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं. भात आणि वरण रोज तिचं. ते सुटणार नाही. बुधवारी चूल गोपालची. शुक्रवारी मल्लय्याची. बाकी ज्याला आपल्या घरचं जे आणायचं ते आणावं, पण नुसतं खिशात लपवून खायचं नाही, मधोमध ठेवायचं. ज्याला नको त्याने घेऊ नये, पण नाक मुरडलं तर वरण मिळणार नाही.

"आणि नाक तुम्हीच मुरडलं तर, दीदी?"

"मी मालकीण हावो. माया नाकाले सूट हाय."

ती सूट तिने पुरेपूर वापरली. बुधवारी ती सकाळपासून पदर नाकाला बांधून फिरते, दरोडेखोरासारखी. मोहरीचं तेल तिला आजवर आवडलेलं नाही आणि आवडवून घ्यायचा तिचा विचारही नाही. मल्लय्याच्या पहिल्या शुक्रवारी बिहारचा एक धिप्पाड ट्रकवाला हातपंपाखाली तोंड घालून बसला, आणि पुढच्या शुक्रवारी आपले चार मित्र घेऊन आला. आंबाडी की गोंगुरा, हा खटला अजून निकाली निघालेला नाही.

हे सगळं पाहून गुणवंतराव पुन्हा उभे राहिले. या वेळी अभ्यास करून आले होते.

"बाई, आता तुम्ही प्रत्येकाच्या चालीरीतीला मान देता म्हणे."

"देतो ना. तुमाले काय पाहिजे? बिनकांद्याची भाजी? वेगळा गंज लावतो, वेगळी पळी ठेवतो. मासोळीचा हातबी लागू देत नाई."

"ते तर झालंच. पण आमच्या घराण्यात वेगळं बसायची रीत आहे. तीही आमची संस्कृतीच झाली ना?"

युक्तिवाद बिनतोड होता. मल्लय्याने घास हातातच धरला. लच्छू खाली बघून जेवत राहिला.

भागीरथाबाईने पळी खाली ठेवली. ती हसली नाही, ओरडलीही नाही. "गुणवंतराव," ती म्हणाली, "तुमच्या जिभेचं जे म्हणणं असन ते मी ऐकन. जीभ ज्याची त्याची. पण बूड सगळ्यायचं एकाच बाकावर. तुमच्या वेगळ्या जेवणानं लच्छूभाऊचं काई जात नाई. तुमच्या वेगळ्या बसण्यानं जाते. लहानपणी मले एकदा उठवलं होतं. तवापासून मले हा फरक समजते, अन् त्यासाठी शाळेत जावं नाई लागलं."

गुणवंतरावांनी पिशवीतलं स्टीलचं ताट काढून फळीवर ठेवलं. मग बसले. पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, हे बाईने विचारलं नाही. बिनकांद्याच्या भाजीचा गंज मात्र दुसऱ्या दिवसापासून खरंच वेगळा लागला, आणि त्याची पळी कुणी चुकून उचलली तर लच्छूच आधी "ए, ते नाई" म्हणून हाताला धरतो.

पुढच्या उन्हाळ्यात लच्छूने तिला आपल्या गावी बोलावलं. नव्या आंब्याचा पंडुम होता. तो सण झाल्याशिवाय त्यांच्या गावात नवा आंबा कुणी तोंडात घालत नाही. इतक्या वर्षांत बाई त्या गावाला कधी गेलीच नव्हती. तिच्या मते माणसांनी तिच्याकडे यायचं असतं. ती देवाजीला घेऊन मल्लय्याच्या जीपने निघाली. पुढचं अंतर पायी. उन्हाने जीव कासावीस झाला. गावात शिरताच तिला झाडाखाली कैऱ्यांचा ढीग दिसला. तिने सवयीने एक उचलली, पदराला पुसली आणि दातांपर्यंत नेली.

एका म्हातारीने तिचं मनगट धरलं. रागाने नाही, पण घट्ट. माडियात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" बाईने विचारलं.

"आधी पेरमा पूजा करन, पुरखे खातील," लच्छू म्हणाला. पेरमा म्हणजे त्यांच्या गावचा पुजारी, पुरखे म्हणजे पूर्वज. "मंग आपण."

"किती वेळ?"

"होईन तवा होईन."

"लच्छूभाऊ, मले भूक लागली ना. भूक सगळ्यायची..." आणि बाई मध्येच थांबली. म्हातारीने मनगट सोडलेलं नव्हतं. बाईने कैरी परत ढिगावर ठेवली.

पूजा लांबली. पेरम्याचं काही बिनसलं होतं, कोंबडं दाणे टिपत नव्हतं, म्हणजे पुरखे राजी नव्हते, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. भागीरथाबाई बायकांमध्ये जमिनीवर बसून राहिली, घाम पुसत, पुटपुटत. "यायचे पुरखे बी आमच्या सरकारी साहेबासारखेच, जेवाले टायमावर येत नाई." तिचं बोलणं कुणाला कळलं नाही, पण सूर कळला असावा. म्हातारी दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसली आणि स्वतःच्याही पोटावर हात मारून दाखवला. तिलाही भूक लागली होती. दोघी मग शेजारी शेजारी बसून, आपापल्या भाषेत, पेरम्याला शिव्या देत राहिल्या.